विमा पॉलिसी, शीशमहल आणि दोन रुपये

दादासाहेब फाळके भारतीय चित्रपटाचे जनक, हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेले असते. 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, गिरगावचे कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ, एवढे लिहिले की दोन गुण मिळतात. मी स्वतः वर्गात असेच शिकवत आलो आहे. पण कॅमेऱ्याला हात लावण्याच्या आधी या माणसाने काय केले, ते पुस्तकात नसते. त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या बारा हजारांच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि दहा हजार रुपये उभे केले. पैसे देणारे होते यशवंतराव नाडकर्णी, छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी. त्या पैशावर १ फेब्रुवारी १९१२ ला फाळके बोटीने लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेण्याचे ठरवले, कच्च्या फिल्मची आणि फिल्मला भोके पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि ते परतले.

परतल्यावर पुन्हा तोच प्रश्न, पैसा. तो प्रश्न त्यांनी ज्या रीतीने सोडवला, ती मला त्यांच्या सगळ्या पौराणिक चमत्कारांहून मोठी वाटते. त्यांनी वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर रोज एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटतो, वेल वर चढते. ही चिमुकली फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली. पाहणाऱ्यांत नाडकर्णीही होते. त्यांनी आणि आणखी एका-दोघांनी हात सैल सोडला. म्हणजे आपल्याकडच्या चित्रपटात पैसा घालणाऱ्या पहिल्या माणसांनी गोष्ट ऐकून पैसा दिलेला नाही. या गृहस्थाला यंत्र चालवता येते, हे डोळ्यांनी पाहून दिलेला आहे.

त्यानंतर फाळक्यांच्या घरात जे घडले, त्याला आज आपण 'प्रॉडक्शन' म्हणू. सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडत, धुलाईत मदत करत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. नटांना पगार, कपडे, जागा, वेळापत्रक, हिशेब, थिएटरवाल्याशी बोलणी, जाहिरात. दिग्दर्शन हे या सगळ्यातले एक काम होते, बाकीची सारी निर्मात्याची. फाळक्यांनी दोन्ही एकट्याने (खरे तर दोघांनी) केली, म्हणून आपल्याला फरक दिसत नाही.

उर्दूत निर्मात्याला 'फ़िल्मसाज़' म्हणतात. 'साज़' म्हणजे घडवणारा, जसा घड्याळे दुरुस्त करणारा घडीसाज़. दिग्दर्शक म्हणजे 'हिदायतकार', सूचना देणारा. आणि भांडवल म्हणजे 'सरमाया', ते देणारा सरमायादार. तीन वेगळी माणसे, तीन वेगळे शब्द. मराठीत बोलताना आपण पैसे देणाऱ्यालाही निर्माता म्हणतो आणि तिथूनच अर्धा गोंधळ सुरू होतो. निर्माता कथेचे हक्क विकत घेतो, अंदाजपत्रक करतो, माणसे जमवतो, करार लिहून घेतो, पैसा आणतो, तो कसा खर्च होतो यावर नजर ठेवतो, चित्रपट पुरा करतो, सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळवतो आणि वितरकाला विकतो. पैसा त्याच्या खिशातला असलाच पाहिजे असे नाही, बहुतेक वेळा नसतोच. जबाबदारी मात्र त्याचीच असते.

१९१७ च्या 'लंकादहन'ने फाळक्यांना चांगले पैसे मिळवून दिले आणि मग व्यापारी भागीदार आले. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. वर्षा-दीड वर्षात खटके उडाले आणि फाळके कंपनी सोडून काशीला गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले, काही वर्षांनी परत आले. भागीदारांना हिशेब हवा होता, त्यांना मनासारखे चित्र हवे होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असे मला वाटते. १९४४ मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा हाती फारसे काही उरलेले नव्हते.

कोल्हापूरची गोष्ट जरा वेगळी आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः जुळवला, पण महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकर या गायिकेच्या पैशावर. गाण्यातून मिळवलेला पैसा एका स्त्रीने त्या काळात चित्रपटात घातला, यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवे. याच कंपनीने १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती कथा, आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. पुढे त्याच कंपनीतून चौघे कलावंत बाहेर पडले आणि कोल्हापूरचे सराफ सीताराम कुलकर्णी यांना पाचवे भागीदार घेऊन १९२९ मध्ये त्यांनी 'प्रभात' काढली. शांताराम, दामले, धायबर आणि शेख फत्तेलाल. फत्तेलाल कागलचे, सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. दामले आणि फत्तेलाल यांचा १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसपर्यंत गेला. तुकोबांचा देहू एका मुसलमान चित्रकाराच्या नजरेतून उभा राहिला, हे आमच्या मुलांना सांगताना मला वेगळाच आनंद होतो. पण इथे मुद्दा भागीदारीचा आहे. प्रभातमध्ये पैसा सराफाचा आणि कौशल्य चौघांचे. प्रत्येकाचे काम ठरलेले, नफ्याचा वाटा ठरलेला. तो करार जोवर सगळ्यांना मान्य होता तोवर कंपनी फळली. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले आणि दहा-बारा वर्षांत सारे आटोपले. प्रभातच्या पुण्याच्या जागेत आज एफटीआयआय आहे.

मुंबईत १९३४ मध्ये हिमांशू राय यांनी तिसरी वाट धरली. बॉम्बे टॉकीज ही रीतसर लिमिटेड कंपनी. शेअर विकलेले, संचालक मंडळावर चिमणलाल सेटलवाड आणि फिरोज सेठना यांच्यासारखी वजनदार माणसे. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी सामान्य माणसाला चित्रपटात पैसा गुंतवायचा तर एका चित्रपटावर जुगार खेळण्याऐवजी स्टुडिओचा शेअर घेता येत होता. एक चित्रपट बुडाला तरी दुसरा तारून नेई. नट, तंत्रज्ञ सगळे महिना पगारावर.

ही घडी महायुद्धाने मोडली. कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले, परवाने आले आणि परवान्यांचा काळाबाजारही आला. युद्धातल्या ठेक्यांतून हाती आलेला बेहिशेबी पैसा जागा शोधत होता. तो थेट नटांकडे गेला. स्टुडिओत महिन्याला मिळे त्याच्या कितीतरी पट रक्कम एका चित्रपटाला मिळू लागल्यावर पगारी नोकरीत कोण थांबणार? मोठे स्टुडिओ एकेक करून ढासळले आणि त्यांच्या जागी आला 'स्वतंत्र निर्माता'. ऑफिस भाड्याचे, स्टुडिओ भाड्याचा, पैसा हुंडीचा.

हुंडीचे गणित समजून घेण्यासारखे आहे. मुलतानी सावकार नव्वद दिवसांची हुंडी लिहून घेई आणि व्याज आधीच कापून उरलेली रक्कम हातात देई. कागदावर लाख, हातात त्याहून बरेच कमी. नव्वद दिवसांत चित्रपट काही पुरा होत नाही, मग हुंडी नवी होई आणि पुन्हा व्याज कापले जाई. तारण काय? निगेटिव्ह. ती प्रयोगशाळेत पडून असे आणि सावकाराचे पैसे फिटल्याशिवाय प्रयोगशाळा प्रिंट काढत नसे. म्हणून कित्येक चित्रपटांचे प्रदर्शन शेवटच्या दिवशी अडे. लोक म्हणत सेन्सॉरने अडवले, खरे तर अडलेले असे सावकाराच्या दारात. १९४९ मध्ये नेमलेल्या स. का. पाटील समितीने १९५१ च्या अहवालात या साऱ्या अनागोंदीचा पंचनामा केला आणि सरकारने चित्रपटासाठी कर्ज देणारे महामंडळ काढावे असे सुचवले. समितीत शांतारामही होते. महामंडळ निघाले ते १९६० मध्ये. सरकारी वेग.

पैसे आणण्याची दुसरी वाट म्हणजे वितरक. देशाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना धंद्यात 'टेरिटरी' म्हणतात. नावे ऐकण्यासारखी आहेत : बॉम्बे, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, सी.पी. बेरार, निझाम, म्हैसूर. निझामाचे राज्य १९४८ मध्ये गेले, वऱ्हाड मध्य प्रांतातून निघून महाराष्ट्रात आला, पण चित्रपटाच्या व्यापाऱ्यांच्या वहीत अजून जुनाच नकाशा आहे. आपल्या एका महाराष्ट्रातच तीन टेरिटरी येतात. इतिहासाच्या तासाला मी हे उदाहरण देतो. मुलांना संस्थानांचे विलीनीकरण एरवी लक्षात राहत नाही, यामुळे राहते. वितरक आपल्या टेरिटरीपुरती किमान हमीची रक्कम निर्मात्याला देतो. चित्रपट चालला नाही तर तोटा वितरकाचा. त्याचे पैसे, खर्च आणि कमिशन वसूल होऊन वर काही उरले तर ते ठरल्या प्रमाणात वाटायचे. मोठ्या नटाचे नाव असले की चित्रपट सुरू होण्यापूर्वीच या रकमेचा पहिला हप्ता मिळे आणि त्यावरच शूटिंग चाले. नटांच्या मागे निर्माते का धावतात, याचे उत्तर इथे आहे.

हे सगळे मी एवढ्या खोलात का शिरलो, ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आता गाड्यांचे वर्कशॉप चालवतो. गेल्या वर्षी वडिलांच्या निवृत्तीचे पैसे घरात आले तेव्हा कुणीतरी त्याला 'सहनिर्माता' करायचे ठरवले. दहा लाख द्या, पोस्टरवर नाव, मुहूर्ताला नारळ तुमच्या हस्ते आणि नफ्यात वीस टक्के. तो कागद घेऊन घरी आला. "सर, मराठी तुमचे चांगले, वाचून सांगा," म्हणाला. मराठी खरोखर चांगले होते. फक्त 'नफा' म्हणजे काय, ते त्यात कुठेही लिहिलेले नव्हते.

"तिकीट शंभराचे विकले गेले तर तुला वीस मिळणार असे वाटते का तुला?" मी विचारले.

"तसेच ना सर?"

मग आम्ही कागदावर रेघा ओढत बसलो. शंभरातून आधी कर जातो. उरलेल्यातला पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा थिएटरवाला ठेवतो आणि पुढच्या आठवड्यांत त्याचा वाटा वाढत जातो. जे खाली येते त्यातून वितरक आपले कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च काढून घेतो. त्यानंतर ज्याने व्याजाने पैसा दिला असेल तो. मग चित्रपटाचा मूळ खर्च भरून निघायचा. यातून जे उरेल त्याला नफा म्हणायचे आणि त्या नफ्यातले वीस टक्के. पेन्सिलीच्या टोकाशी येईपर्यंत आकडा इतका बारीक झाला की तो हसायला लागला. त्याची आई आतून चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघे गप्प होतो. दहा लाख म्हणजे त्या घरातल्या एका बहिणीचे लग्न आणि दुसरीचे शिक्षण.

त्याने दुसराही प्रश्न विचारला आणि तो जास्त महत्त्वाचा होता. "व्याज नको सर. पण हे तर व्याज नाही ना?" बरोबर, नाही. आपल्या जुन्या व्यापारी कायद्यात मुदारबत नावाचा करार आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा झाला तर आधी ठरलेल्या प्रमाणात दोघांचा आणि तोटा झाला तर भांडवल बुडते ते भांडवलवाल्याचे, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते. चित्रपटातली भागीदारी जवळपास अशीच असते. ती सावकारीपेक्षा स्वच्छ आहे हे खरे, पण त्याचा दुसरा अर्थ असा की बुडाले तर मागायला तोंड नाही. ज्या पैशावाचून घर अडेल तो पैसा तिथे घालायचा नसतो. त्याला मी 'मुग़ल-ए-आज़म'ची हकिकत सांगितली. इथेही सांगतो, कारण भांडवल आणि मेहनत यांचे एवढे मोठे नाटक हिंदी चित्रपटात दुसरे घडलेले नाही.

के. आसिफ इटाव्याचे. इम्तियाज़ अली ताज यांच्या 'अनारकली' नाटकाने त्यांना पछाडले होते. १९४० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी चित्रपट सुरू केला, पैसा शिराज़ अली हकीम यांचा. अकबराच्या भूमिकेत चंद्रमोहन, अनारकली नर्गिस. मग फाळणी झाली आणि शिराज़ अली पाकिस्तानात गेले. १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले. निर्मात्याचा पैसा गेला, नट गेला, झालेले चित्रण फुकट गेले. कुणीही इथे हात झटकले असते.

जाण्यापूर्वी शिराज़ अलींनी आसिफ यांना एक नाव सुचवले होते : शापूरजी पालनजी मिस्त्री. हे पारशी गृहस्थ बांधकामातले. चित्रपटाच्या धंद्याशी संबंध नव्हता, पण अकबराच्या इतिहासाची गोडी होती. १९५० मध्ये ते तयार झाले. चित्रपट ज्या कंपनीच्या नावावर आहे ती 'स्टर्लिंग इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन'. नावातच गुंतवणूक. ठेकेदाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते की इमारतीचा नकाशा आणि अंदाजपत्रक आधी ठरते. आसिफ यांचे काम नेमके उलटे. त्यांना दिल्लीचे शिंपी हवे होते, भरतकामाला सुरत-खंबायतचे कारागीर, दागिन्यांना हैदराबादचे सोनार, मुकुटांना आपल्या कोल्हापूरचे कारागीर, जोडे आग्र्याचे, हत्यारे राजस्थानच्या लोहारांकडून. युद्धाच्या दृश्यात खऱ्या लष्कराचे जवान. बडे ग़ुलाम अली ख़ाँसाहेबांना गायचे नव्हते. टाळण्यासाठी त्यांनी एका गाण्याचे पंचवीस हजार मागितले. लता-रफींना तेव्हा गाण्यामागे काहीशे रुपये मिळत. आसिफ 'मंजूर' म्हणाले.

मधल्या काळात, १९५३ मध्ये, फिल्मिस्तानचा 'अनारकली' येऊन धो-धो चालून गेला. तीच गोष्ट, तीच नायिका. गुंतवणूकदाराच्या जागी बसून विचार करा. ज्या मालासाठी तुम्ही पैसा ओतता आहात तो दुसऱ्याने बाजारात विकूनही टाकला, आणि तुमच्या कारखान्यात अजून भिंती चढताहेत. शीशमहलच्या सेटला दोन वर्षे लागली. बेल्जियमची काच, फिरोज़ाबादचे कारागीर, दीडशे फूट लांब आणि ऐंशी फूट रुंद. नुसत्या त्या सेटवर जेवढा खर्च झाला तेवढ्यात त्या काळी अख्खा चित्रपट होई. आणि एवढे करून कॅमेरा लावला तर आरशांतून प्रकाश उलटा डोळ्यांवर येतो, चित्रणच होईना. त्यावर उपाय सापडेपर्यंत आणखी वेळ गेला. शापूरजी आणि आसिफ यांचे संबंध ताणले गेले, यात नवल नाही. नवल हे की शापूरजींनी पैसा थांबवला नाही. खर्च कोटीच्या वर गेला. काही भाग रंगीत झाल्यावर आसिफ म्हणाले, सगळाच चित्रपट पुन्हा रंगीत करू. तेव्हा मात्र वितरकांनीच हात जोडले.

५ ऑगस्ट १९६० ला मराठा मंदिरात चित्रपट लागला. आगाऊ तिकिटांसाठी लोक दिवसचे दिवस रांगेत राहिले, घरून जेवणाचे डबे येत. कमाईचा त्याचा विक्रम 'शोले' येईपर्यंत, पंधरा वर्षे टिकला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्यापुढची जास्त बोलकी वाटते. १९७१ मध्ये आसिफ वारले तेव्हा त्यांचा 'लव्ह अँड गॉड' अर्धवट पडलेला होता, तो कसाबसा जोडून १९८६ मध्ये प्रदर्शित झाला. आणि 'मुग़ल-ए-आज़म' २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन पुन्हा थिएटरात आला, २०१६ मध्ये त्याचे भव्य संगीतनाट्य झाले, ते दोन्ही शापूरजींच्या घराण्याच्या कंपन्यांनी केले. कारण निगेटिव्ह आणि हक्क त्यांच्याकडे होते. चित्रपट आसिफ यांचा, असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. मालकी मात्र ज्याचा पैसा त्याची. पोस्टरवर कुणाचे नाव मोठे, याला हिशेबाच्या वहीत किंमत नसते. माझ्या विद्यार्थ्याच्या कागदात हक्कांविषयी एक ओळही नव्हती. टीव्हीचे हक्क, ओटीटीचे, डबिंगचे, गाण्यांचे, कशाचाच उल्लेख नाही. आजकाल लहान मराठी चित्रपटाचा पैसा परत आलाच तर बऱ्याचदा याच वाटांनी किंवा सरकारी अनुदानातून येतो. त्या वाटाच कागदाबाहेर ठेवलेल्या.

ज्यांच्यामागे शापूरजी नव्हते त्यांचे काय झाले? कलकत्त्यात सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'साठी फाळक्यांसारखीच विमा पॉलिसी गहाण टाकली, ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या, पत्नीचे दागिने गहाण पडले. शेवटी बंगाल सरकारने पैसे दिले, ते रस्ते सुधारणेच्या खात्यातून. नावात 'पथ' होता ना!

एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'ला फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने अडीच लाख दिले. बाकीचे साडेसात लाख त्यांनी मित्रमंडळींकडून उसने घेतले. आवाज जागेवर टिपण्याची यंत्रे भाड्याने घ्यायलाही पैसे नव्हते, म्हणून चित्रण मुके केले आणि संवाद मागाहून भरले. बलराज साहनी डबिंग संपवून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिल १९७३ ला वारले. इस्मत चुग़ताई यांच्या कथेवर कैफ़ी आज़मी आणि शमा ज़ैदी यांनी लिहिलेली ही पटकथा आग्र्याच्या सलीम मिर्झाची. त्याचा जोड्यांचा कारखाना आहे. फाळणीनंतर बँक आणि सावकार त्याला कर्ज देत नाहीत, कारण हा उद्या पाकिस्तानात निघून गेला तर? पत नाकारल्या गेलेल्या माणसाची कथा उसनवारीवर पुरी झाली. मी तो चित्रपट जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा बँकेतल्या त्या दृश्यापाशी थांबतो. घरासाठी, दुकानासाठी कर्जाचा अर्ज घेऊन काउंटरसमोर उभे राहिलेल्या आमच्यातल्या अनेकांना तो प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्या दृष्टीने १९९८ मध्ये सरकारने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली, ही मोठी गोष्ट होती. तोवर कुठलीही बँक निर्मात्याला दारात उभे करत नव्हती आणि त्या पोकळीत नव्वदीच्या दशकात कसला पैसा शिरला हे मुंबईने पाहिले आहे. त्यानंतर बँकेचे कर्ज आले, कॉर्पोरेट कंपन्या आल्या, हिशेब तपासनीस आले. तरीही गावोगावच्या छोट्या निर्मात्याची पद्धत फाळक्यांच्या काळातलीच राहिली. शेत, प्लॉट, दागिने, निवृत्तीचे पैसे. म्हणून मी विद्यार्थ्याला चार गोष्टी लिहून मागवायला सांगितल्या : कथेचे हक्क कुणाच्या नावावर, संपूर्ण खर्चाचे अंदाजपत्रक आणि त्यातले किती पैसे आजवर जमले, पैसा परत येण्याचा क्रम, आणि चित्रपट अर्धवट राहिला तर काय. शिवाय निर्मात्याचे आधीचे काही काम दाखवा, मिनिटभराचे का असेना. वाटाण्याचा वेल. निरोप जाऊन पाच महिने झाले, उत्तर आलेले नाही. दहा लाख बँकेत आहेत.

पण सामान्य माणसाने चित्रपटात पैसा घालूच नये, असे मी म्हणणार नाही, कारण 'मंथन' आहे. १९७६. श्याम बेनेगल यांनी गुजरातच्या दूध संघांसाठी माहितीपट केले होते आणि त्याच विषयावर त्यांना कथापट करायचा होता. दहा लाख हवे होते. व्हर्गीस कुरियन यांनी सुचवले की दूध घालायला येणाऱ्या शेतकऱ्यांनी एकेका दिवशीच्या पैशांतून दोन रुपये कमी घ्यावेत. पाच लाख शेतकऱ्यांनी घेतले. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद कैफ़ी आज़मींचे. माझ्या दोन्ही भाषा एका चित्रपटात, म्हणून माझा त्यावर जरा जास्तच जीव आहे. इथे गुंतवणूकदाराला कुणी नफ्याचे गाजर दाखवलेले नव्हते. बुडालेच तर दोन रुपये, घर अडणार नाही एवढेच. आणि कथा त्याच्याच आयुष्याची, त्यामुळे माल पारखायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

चित्रपट लागल्यावर हे निर्माते गावांतून ट्रक भरभरून पाहायला आले. पाच लाख निर्माते म्हणजे पहिले पाच लाख प्रेक्षक आधीच ठरलेले. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रीती सागर यांनी गायलेले त्यातले गाणे पुढे अमूलच्या जाहिरातीत घरोघरी वाजले, म्हणजे त्याचा फायदा फिरून दूध घालणाऱ्यांच्याच संघाला झाला. २०२४ मध्ये त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून काढून नव्याने दुरुस्त केली गेली, त्या कामातही गुजरातचा दूध महासंघ सामील होता, आणि चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत निर्माता म्हणून अजून तेच लिहिलेले आहे : गुजरातचे पाच लाख शेतकरी.